न बोलणारा पिकअप

बँडमधली पोरं त्यांना काका म्हणायची आणि तेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. एका हॉटेलच्या जेवणघरात, कोपऱ्यातल्या वीतभर उंचीच्या स्टेजवर, ते इलेक्ट्रिक गिटार वाजवत. लोक जेवत असत, हे वाजवत असत. मान वर करून कुणी बघत नाही याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट म्हणायचे, लोकांचं ताटातलं लक्ष उडालं तर मालक आधी मलाच काढेल.

त्यांच्या बायकोला ते बाई म्हणत. ती शाळेत शिकवायची, वर्गातली पोरं बाई म्हणायची, म्हणून हेही चेष्टेनं म्हणू लागले आणि मग दुसरं काही तोंडात येईनासंच झालं. बाईंचा आवाज असा होता की मागच्या बाकावर कुजबुज झाली तर त्या नुसतं "हं" म्हणत आणि अख्खा वर्ग चिडीचूप होई. घरातही तेच. काका गिटार लावत बसले आणि गॅसवर दूध उतू जायला आलं की स्वयंपाकघरातून "हं" यायचं, आणि काका धावायचे.

तो आवाज एका सकाळी गेला. बाई दात घासताना मोरीत कोसळल्या आणि दवाखान्यातून परत आल्या त्या अर्धं अंग लुळं होऊन. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, आणि घशातून जे काही निघे ते भांड्याच्या तळाला उलथनं घासल्यासारखं. हात धरून जवळ बसलं तरच समजावं, इतकं बारीक. बुद्धी मात्र जागच्या जागी होती. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी काकांकडे बघून तोंडाची शाबूत बाजू वर केली आणि दोन-तीनदा प्रयत्न करून म्हणाल्या, "आता... तू बोल. मी... ऐकते."

खरं भय गिळण्याचं होतं. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं होतं. खाल्ल्या-प्यायल्यावर त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही, पाठीशी उशा हव्यात. ठसका लागला तर ताबडतोब कुशीवर वळवायचं आणि तोंडातलं पुसून काढायचं. त्यांना स्वतःला वळता येणार नाही, त्यामुळे जवळ माणूस हवा आणि त्याला कळायला हवं. काकांनी ते असं मनावर घेतलं की बाजारातून भाजी आणतानाही ते अर्धे पळत यायचे.

बाईंच्या थोरल्या बहिणीचं, ताईंचं, घर जवळच होतं. त्या सकाळी येऊन बाईंचं अंग पुसणं, वेणी, भरवणं सगळं करत आणि दुपारी आपल्या घरी जात. संध्याकाळी काका हॉटेलात निघाले की पुन्हा येत. मधले तास काकांचे. तेच त्यांचे रियाजाचेही तास होते, कारण बँडचा पुढारी दर आठवड्याला नवी गाणी काढायचा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. काकांच्या निम्म्या वयाचा, की-बोर्ड वाजवणारा, बोलायला गोड आणि मनात काय ते चेहऱ्यावर न दाखवणारा. नव्या गाण्यांतली बोटं काकांना पूर्वीसारखी एका बैठकीत बसत नसत. घरी घासावं लागे.

घासायचं तर खालच्या मजल्यावरचा माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. तो एकदा वर येऊन फार नम्रपणे रडकुंडीला आला होता. तेव्हापासून काका हेडफोन लावून वाजवत. कान पूर्ण झाकून टाकणारे, गुबगुबीत हेडफोन. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची वायर कानात. बाहेर ऐकू येई ती फक्त तारांची किरकिर, डास गुणगुणल्यासारखी.

खोली लहान. बाईंची लोखंडी खाट, तिच्या बाजूला कपाट आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत काकांचं स्टूल. जागा अशी की गिटारचं खालचं टोक खाटेच्या लोखंडी दांडीला टेकलेलंच राही. पाठ बाईंकडे, कारण तसा त्यांचाच हुकूम होता. माझ्याकडे बघत बघत वाजवलंस की मला आजारी असल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंच्या डाव्या हातात एक स्टीलचा चमचा असे. काही लागलं की दांडीवर टक टक.

ताईंना ही व्यवस्था पसंत नव्हती. कानाला झाकणं लावून माणूस पाठ करून बसतो, याला काय राखण करणं म्हणतात का, असं त्या काकांच्या तोंडावर म्हणाल्या. रियाजाच्या वेळी सोबतीला एखादी बाई ठेवा, नाही तर ती झाकणं काढा. काका हसले. म्हणाले, ताई, परीक्षा घ्या. त्यांनी हेडफोन चढवले, पाठ केली आणि जोरजोरात वाजवू लागले. ताईंनी बाईंना खूण केली. बाईंनी चमचा दांडीला जेमतेम टेकवला. इतका हळू की शेजारी उभ्या असलेल्या ताईंनाच धड ऐकू आलं नाही. काकांचा हात तारेवर थांबला आणि ते वळले.

ताई चकित झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा वळले. मग बाईंनाच खेळ सुचला. त्या उगाच टिचक्या देत बसल्या आणि काका दर वेळी "काय गं?" म्हणून वळायचे. तोंडाच्या एका बाजूनं बाई इतक्या हसल्या की ताईंना भीती वाटली, हिला ठसका लागेल.

"चाळीस वर्षं सूर लावतोय, ताई," काका म्हणाले. "हे कान कुठेही गुंतलेले असोत, एक तिच्यापाशी असतो."

हे वाक्य त्यांना फार आवडलं. पुढे त्यांनी ते बँडमधल्या पोरांनाही ऐकवलं. बाईंनाही आवडलं असावं, कारण त्या दिवसापासून काका वाजवत असताना त्या निर्धास्त झोपायला लागल्या. चमचा मुठीत, डोळे मिटलेले. दवाखान्यातून आल्यापासून अशी झोप त्यांना लागली नव्हती. ताईंनीही सोबतीच्या बाईचा विषय सोडून दिला.

मग गिटार स्टेजवर शिट्टी मारू लागली. आवाज जरा चढवला की कुईं असा कान फाडणारा सूर, जो काकांनी वाजवलेलाच नसायचा. जेवणारी माणसं कानावर हात ठेवू लागली. एकदा एका बाळानं भोकाड पसरलं ते थांबेचना, आणि मालक स्वतः बाहेर येऊन उभा राहिला. कॅप्टननं कार्यक्रम संपल्यावर काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, गिटारचा पिकअप गेलाय. बदलून घ्या. मालक मला विचारतोय, दुसरा कुणी मिळेल का म्हणून. मी नाही म्हटलंय, पण किती वेळा म्हणू?"

पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली आगपेटीएवढी पट्टी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की ती हालचाल तो पकडतो आणि पुढे पाठवतो. काकांचा पिकअप गिटारइतकाच जुना होता. तो बदलायचा म्हणजे त्यांना आपला गळा बदलल्यासारखं वाटत होतं. पण हॉटेल गेलं असतं तर औषधं कशी आणायची, हा प्रश्न गळ्यापेक्षा मोठा होता.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. भिंतीवर मान तुटलेल्या गिटारी, टेबलावर वितळलेल्या कथलाचा वास. कारागीर बोलका होता, काकांचा जुना ओळखीचा. त्यानं गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, तारांवर हात ठेवून त्या मुक्या केल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं लाकडावर टिचकी मारली. ॲम्प्लिफायरमधून ठण्ण आवाज आला, दार ठोठावल्यासारखा.

आतलं मेण गेलंय, त्यानं सांगितलं. वेढे घट्ट राहावेत म्हणून कारखान्यात पिकअप मेणात बुडवतात. वर्षानुवर्षांत मेण सुकून गळतं, वेढे सुटे होतात आणि मग पिकअप फक्त तारांचं ऐकत नाही, सगळ्यांचंच ऐकतो. लाकडाला काही लागलं, टेबल हललं, कुणी जवळ बोललं, सगळं उचलतो. स्टेजवर स्वतःचाच आवाज स्पीकरमधून उचलतो, म्हणून शिट्टी.

"बघा गंमत," असं म्हणून तो तारांवर वाकला आणि ओरडला, "काका, जेवलात का?"

ॲम्प्लिफायरमधून विहिरीच्या तळातून यावं तसं आलं, जेवलात का. काकांना हसू आवरेना. "म्हणजे इतकी वर्षं आमच्या भांडणांचंही रेकॉर्डिंग झालं असेल यात," ते म्हणाले. दोघंही हसले आणि कारागिरानं चहा सांगितला.

त्यानं तीन पिकअप पुढे ठेवले. पहिला इतका धारदार वाजला की काकांनी तोंड वाकडं केलं. दुसरा त्यांच्या जुन्या आवाजाच्या जवळ जाणारा, गोल, थोडा धुरकट. काकांनी डोळे मिटून वाजवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं काहीतरी उमटलं. पण हा हातानं गुंडाळलेला आहे, कारागीर म्हणाला, मेण बेताचंच आहे, थोडासा बोलतो, म्हणजे बाहेरचंही उचलतो, शिट्टी मारणार नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिसरा जोडवेढ्यांचा, मेणात नखशिखांत बुडवलेला. त्यानं लाकडावर हातोडीचा दांडा आपटून दाखवला. ॲम्प्लिफायर ढिम्म. तारांवर वाकून ओरडला. ढिम्म.

"हा मुका आहे. तार सोडून याला जगाशी देणंघेणं नाही. वाजवणार कुठे, स्टेजवर की घरी?"

"दोन्हीकडे," काका म्हणाले.

कान दुसऱ्याकडे ओढत होते. त्यांनी तो पुन्हा एकदा वाजवून बघितला. मग मालकाचा चेहरा आठवला आणि ते रडणारं बाळ. तिसरा बसवा, त्यांनी सांगितलं. जुना काढलेला पिकअप घरी नेऊन काय करायचा, म्हणून तो तिथेच ठेवून आले.

हॉटेलात त्या संध्याकाळी शिट्टी झाली नाही. आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा. कॅप्टननं लांबूनच अंगठा दाखवला. काका घरी आले ते गुणगुणत, आणि बाईंना म्हणाले, "उद्या तुझ्याशेजारी बसून कॅप्टनचं ते अवघड गाणं एकदाचं बसवतो बघ."

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाईंना दूध पाजलं, उशा नीट केल्या आणि त्या गेल्या. काका स्टुलावर बसले, गिटारचं टोक नेहमीसारखं दांडीला टेकलं, हेडफोन चढवले. आणि त्यांना नवल वाटलं. पूर्वी वाजवताना कानात सतत काहीतरी बारीकसारीक असे, खरखर, कुरकुर, कपड्याचं घासणं. आता काहीच नाही. एक सूर संपला की पुढच्या सुरापर्यंत नुसती शांतता. त्या शांततेत बोटांना जागा सापडत गेली. अडत होता तो तुकडा एकदा सुटला, परत सुटला, मग हातात बसला. काकांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. किती दिवसांत असं वाजलं नव्हतं. मन भरेना म्हणून आणखी एकदा वाजवला.

हेडफोन काढून ते वळले, ते बाईंना सांगायलाच.

बाई उशांवरून घसरून सपाट पडल्या होत्या. तोंडाभोवती दूध, ओठ निळे, डोळे सताड उघडे आणि काकांच्या पाठीवर लागलेले. चमचा जमिनीवर. काकांनी त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून पुसलं, पाठीवर मारलं. घर्र असा एक श्वास आला, मग दुसरा. रात्रपाळीवाला वरचा आरडाओरडा ऐकून उठला होता. त्यानंच रुग्णवाहिका बोलावली आणि त्यानंच बाईंना पायाकडून उचललं. खाट रिकामी झाली तेव्हा काकांना दांडी दिसली. तिच्यावरचा रंग उडून ताजे ओरखडे पडले होते. एक-दोन नव्हेत, एकावर एक, खोल. टिचक्यांचे नव्हते ते.

दूध फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टर फार काही बोलले नाहीत, बघू म्हणाले. ताई दवाखान्यात आल्या आणि एकच विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" काकांनी सांगितलं, तिथेच. त्यावर ताईंनी तोंड फिरवलं.

बाईंचे कपडे आणायला काका घरी आले. खोलीत दुधाचा आंबट वास. गिटार स्टुलाशी तशीच. त्यांनी हेडफोन चढवले, गिटार मांडीवर घेऊन दांडीला टेकवली आणि स्वतःच चमचा आपटला. काही नाही. आणखी जोरात. हाताला झिणझिण्या आल्या, कानात काही नाही. मग त्यांना स्क्रूड्रायव्हरची मूठ आठवली, ठण्ण आठवलं आणि विहिरीतून आलेलं जेवलात का आठवलं.

त्यांच्या कानांनी चमचा कधी ऐकलाच नव्हता. चमच्याचा ठोका दांडीतून लाकडात जाई, आणि लाकडातून त्या बिघडलेल्या पिकअपमध्ये. बाईंकडे लक्ष ठेवत होता तो पिकअप. काका नुसते त्याचं श्रेय घेत होते.

ते तसेच जिन्याखालच्या दुकानात गेले. जुना पिकअप परत हवा म्हणाले. कारागिराला वाटलं, यांना आवाज पसंत पडला नाही. त्यानं आनंदानं सांगितलं, अहो, तो तर मी वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट केला, आता एकदम गप्प झालाय, फुकट गेला नाही तुमचा माल. काकांनी मान हलवली. काय झालं ते त्याला सांगितलं नाही. त्या भल्या माणसानं उगाच आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतं.

दवाखान्याच्या वाटेवर त्यांनी बाईंना काय सांगायचं ते जुळवलं. खरं ते सांगायचं. माझं दुर्लक्ष नव्हतं, मला ऐकूच आलं नाही, त्याचं कारण हे असं असं. बाई हुशार होत्या, त्यांना चटकन कळलं असतं.

बाईंना थोडी शुद्ध होती. श्वासागणिक छातीत पाणी हलल्यासारखं वाजत होतं. नर्सनं तोंडावरचा मास्क क्षणभर बाजूला केला. ताई पायथ्याशी उभ्या होत्या. काका वाकले, अगदी कान ओठांशी नेला.

"मी... वाजवत होते," बाई म्हणाल्या. "खूप."

"माहीत आहे."

त्यांनी दम घेतला. डावा हात काकांच्या बाहीवर होता. "आधी... यायचं ना? ऐकू?"

काकांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्या सगळ्या दुपारी परत घ्यायच्या. चमचा मुठीत धरून, कुणीतरी आपल्याकडे कान लावून बसलंय या भरवशावर काढलेली ती झोप. मग उरायचं काय, तर कानाला झाकणं लावून पाठ फिरवून बसलेला एक माणूस.

"यायचं," काका म्हणाले. "दर वेळी यायचं."

"मग..."

"त्या वेळी लक्ष नव्हतं माझं. गाण्यात होतं. चुकलो."

पायथ्याशी ताईंनी श्वास आत ओढला तो काकांना ऐकू आला. बाई मात्र त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकेकाळी वही न आणलेल्या पोराकडे बघायच्या तशा, पोर खरं बोलतंय की नाही ते ठरवत.

"जमलं?" त्यांनी विचारलं. "ते... गाणं?"

"जमलं."

बाईंनी डोळे मिटले. रागानं की थकून, ते काकांना कधीच कळलं नाही. नर्सनं मास्क परत लावला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत आणि आठवडा संपायच्या आत गेल्या.

सगळं आटोपल्यावर ताई घराची किल्ली परत द्यायला आल्या. आत आल्या नाहीत. दारातूनच त्यांनी खाटेकडे बघितलं. गादी काढून टाकलेली होती आणि लोखंडाचा सांगाडा भिंतीला उभा केला होता.

"ती गेली म्हणून मी आता भांडत नाही," ताई म्हणाल्या. "पण एक सांगा. खरंच ऐकू आलं होतं तुम्हाला? ऐकू येऊनही लक्ष दिलं नाहीत?"

काकांनी विचार केला. ताईंना खरं सांगता आलं असतं. बाई तर आता ऐकायला नव्हत्या. पण खरं सांगूनही काकांची सुटका नव्हती. झाकणं काढा असं ताई पहिल्यापासून सांगत होत्या, आणि काकांनीच ती परीक्षा घ्यायला लावून ताईंचं तोंड बंद केलं होतं. शिवाय ताईंच्या मनात बहिणीचं ते हसणं असणार, चमच्याच्या टिचक्या देत केलेलं. तेही मग नासलं असतं.

"हो," ते म्हणाले. "गाण्यात लक्ष होतं."

ताईंनी किल्ली त्यांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

"या घराची पायरी मी आता चढणार नाही," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. गुडघ्यांचा त्रास होता त्यांना, एकेक पायरी थांबत उतरत होत्या. खालच्या मजल्यावर रात्रपाळीवाल्यानं दार उघडलं, काहीतरी विचारलं. ताईंनी उत्तर दिलेलं काकांना वर ऐकू आलं.

"काही नाही हो. एक कान तिच्यापाशी ठेवणारा माणूस भेटला होता आमच्या बाईला."

दार लागलं. काकांनी वाकून किल्ली उचलली. संध्याकाळ होत आली होती आणि कॅप्टनचा फोन वाजायला लागला होता.